शेवटच्या भोकाच्याही पुढे

मैत्रिणींनो, आज गुलमंडीवरून नवऱ्यासाठी रोजच्या वापराचं साधं, स्वस्त घड्याळ घेतलं. मोठे आकडे, काळा पट्टा. जुन्याची काच फुटली होती.

दुकानदाराने ते नवऱ्याच्या मनगटावर बांधून पाहिलं, तर शेवटच्या भोकातही पट्टा ढिला.

"काय भाऊ, वहिनी जेवायला देत नाहीत का?" म्हणत त्याने पुढे आणखी एक भोक पाडलं.

"व्हय ना, लई हाल करते!" नवरा म्हणाला. आम्ही तिघंही हसलो.

घरी येऊन जुनं घड्याळ टाकायला उचललं. पट्ट्यावर बकलाचा एक खोल, जुना वळ होता. त्याच्या पुढच्या भोकाशी दुसरा. अगदी शेवटच्या भोकाशी तिसरा, ताजा.

"रोज चालतो ना, म्हणून वजन उतरलंय," असं तो उन्हाळ्यापासून सांगतोय. मीही कौतुकच केलं. पण तो कोपऱ्यावरूनच दमून परततो, अर्धी भाकरी ताटात ठेवून उठतो, हे मला दिसत नव्हतं, की बघायचंच नव्हतं?

आत्ता तो शेजाऱ्यांना नवं घड्याळ दाखवतोय. जुना पट्टा माझ्या हातात आहे. दवाखान्याचं नाव काढलं की चिडणाऱ्या माणसाला "उद्या तपासायला चल" हे तुम्ही कसं सांगितलं असतं?