गाळपेरीचा अर्ज

माघ सरता सरता उजनीचं पाणी मागे हटायचं आणि आमचं बुडालेलं गाव एकेक करून वर यायचं. आधी देवळाचं शिखर, मग तात्यांच्या विहिरीचं तोंड, आणि सगळ्यांत शेवटी आमच्या वस्तीची जोती. धरणात गाव गेलं तेव्हा मी चार वर्षांची असेन. जुन्या घरातलं मला काही आठवत नाही. पण दर उन्हाळ्यात आईबरोबर मी त्या घराच्या जागेवर जायचे. आमच्या चुलीच्या जागी मका उभा असायचा.

याला गाळपेर म्हणतात. पाण्याखालून उघड्या पडलेल्या गाळात पेरायचं आणि पुन्हा पाणी चढायच्या आत काढून घ्यायचं. जमीन कुणाची म्हणाल तर सरकारची, कारण मोबदला देऊन ती घेतलेली. पण आमच्याकडे त्याची वेगळी रीत होती. पाणी उतरलं की गावातली चार वडीलधारी माणसं चिखलात उभी राहायची आणि त्यांच्यातले थोरले, तात्या, काठीने दाखवायचे, हा बांध अमक्याचा, ती बाभळीची खोडं तमक्याची. ज्याचं शेत जिथे बुडालं त्याने तिथे पेरायचं. तात्यांचं स्वतःचं बारा एकर गेलं होतं. खुंट्या ठोकल्या जाईपर्यंत कुणी नांगर घालायचा नाही, असं ठरलेलं होतं. ते कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणालाच सांगता आलं नसतं.

आम्ही बौद्ध. जुन्या गावात आमच्या नावावर घराखेरीज काही नव्हतं. धरणानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तात्यांनी आमच्या वस्तीची जोती आणि शेजारची गुरं बसायची जागा, असा एकरभर पट्टा माझ्या आईला दाखवला आणि म्हणाले, इथे तुमची घरं होती, इथे तुम्ही पेरा. वडील भिगवणला मासळीच्या टोपल्या भरायला जायचे, त्यामुळे शेत आईनेच केलं. मका, कडेला काकडी, शेळ्यांना वैरण. मी बारामतीच्या कॉलेजात बी.ए.ला गेले ती या पट्ट्याच्या आधाराने. माझ्या प्रवेशाच्या फॉर्मवर गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागत होती, तीही तात्यांनीच केली होती.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. कॉलेजात मला दोन शिक्षक फार आवडायचे. एक राज्यशास्त्राचे सर, कम्युनिस्ट. ज्या देशाच्या भरवशावर ते आयुष्यभर बोलले तो देश नकाशावरून जाऊन काही वर्षं झाली होती, आणि वर्गात त्याचं नाव घेताना ते खिडकीकडे बघायचे. जमीन कसणाऱ्याची, हे ते असं सांगायचे की बाकांवर बसलेल्या आम्हा खेड्यातल्या पोरांना आपलं कुणी वकीलपत्र घेतल्यासारखं वाटायचं. दुसरे अर्थशास्त्राचे सर. ते म्हणायचे, मालकी कागदावर स्पष्ट असल्याशिवाय कुणी जमिनीत जीव ओतत नाही. जे सगळ्यांचं असतं ते उकिरडा होतं. नव्या आर्थिक धोरणाचे दिवस होते, त्यांचा आवाज चढा असायचा. दोघे एकमेकांशी स्टाफरूममध्ये भांडायचे. मला मात्र दोघेही पटायचे. एकाने मला लढायला सांगितलं, दुसऱ्याने कागद मिळवायला. दोन्ही एकाच वेळी करता येईल असं मला वाटत होतं.

त्या वर्षी आईचा मका वीतभर वर आला आणि तात्यांच्या पुतण्याने त्यात ट्रॅक्टर घातला. पट्ट्याचा दोनतृतीयांश भाग त्याने एका सकाळी उलटवून टाकला. आई जाब विचारायला गेली तर तो ट्रॅक्टरवरूनच म्हणाला, तात्यांनी दिलेलं तात्यांपुरतं. त्यांचं वय झालं, आता आम्ही बघतो.

तात्या त्याच संध्याकाळी आमच्या दारात आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. मला आठ दिवस द्या, म्हणाले. पोरगं तापट आहे, त्याच्या सासऱ्याला बोलावतो, चौघांत बसवतो, पट्टा परत मिळेल. आईने मान हलवली.

मला ते सहन झालं नाही. आपल्या हक्कासाठी कुणाच्या सासऱ्याची वाट बघायची? मी एम.ए.ला जाणार होते, मला कायदा कळत होता. तिसऱ्या दिवशी मी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसला अर्ज लिहिला.

"तात्या आठ दिस म्हणले न्हवं?" आई म्हणाली.

"आठ दिवसांत राहिलेलं पण जाईल."

"जाऊ दे की. पर मी त्यांच्या म्होरं कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी ऐकलं नाही. अर्ज चांगला झाला होता. आमचा ताबा किती वर्षांचा, आई भूमिहीन कशी, नियमानुसार भाडेपट्टा मिळण्यास ती कशी पात्र. आणि पुतण्याचा दावा मुळातून उपटून टाकावा म्हणून मी एक वाक्य घातलं: सदर जमिनीच्या माजी मालकांनी शासनाकडून पूर्ण मोबदला स्वीकारलेला असल्याने त्यांचा या जमिनीवर कोणताही हक्क उरलेला नाही. ते वाक्य मला फार आवडलं होतं. दोनदा वाचलं.

राज्यशास्त्राच्या सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, मुद्देसूद आहे म्हणाले. मग विचारलं, "हे गावात वाचून दाखवलंस?"

मी म्हणाले, गरज नाही सर, कायदा आपल्या बाजूने आहे.

"बरं," ते म्हणाले. अर्ज परत दिला. मी इंदापूरला जाऊन अर्ज दिला, पोच घेतली आणि एस.टी.त ती पोच वाटभर हातात धरून बसले.

सहाव्या दिवशी तात्यांचा निरोप आला की पुतण्या कबूल झाला आहे. सासऱ्यासमोर मान खाली घालून म्हणाला, त्यांचं त्यांना सोडतो. आईने त्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक केला आणि तात्यांकडे डबा पाठवला. मी अर्जाबद्दल कुणालाच काही बोलले नाही. वाटलं, असू दे, उलट पक्कं होईल.

पंधरा दिवसांनी साखळी घेऊन मोजणीची माणसं आली. त्यानंतर नव्या गावठाणातल्या देवळाच्या भिंतीवर नोटीस लागली. उघडी पडलेली सगळी जमीन शासनाची असून ती त्या हंगामासाठी जाहीर लिलावाने देण्यात येईल. आतापर्यंतच्या पेरण्या विनापरवाना समजण्यात येतील. कारण म्हणून कुणा अर्जदाराच्या अर्जाचा दाखला होता. गावाने ऑफिसच्या माणसाला पारावर बसवून विचारलं की असा अर्ज केला कुणी. त्याच्याकडे नक्कल होती. त्याने ती सगळ्यांसमोर वाचली. त्यात त्याची काही चूक नव्हती, त्याला विचारलं गेलं म्हणून त्याने वाचली.

मी आईच्या मागे उभी होते. माझं वाक्य आलं तेव्हा तात्यांनी हात वर केला. "त्येवढंच परत वाचा," म्हणाले.

त्याने परत वाचलं.

"खरं हाय," तात्या म्हणाले. "मोबदला घेतलाय. सही हाय माझी."

पुतण्या हसला. म्हणाला, "घ्या. आजून सह्या करा पोरीच्या फॉर्मावर."

तात्यांनी त्याला गप्प बस म्हटलं. मग माझ्या आईकडे बघून, माझ्याकडे नाही, म्हणाले, "तिला कशाला बोलायचं. आपलं बोलणं कुठं लिवलेलं नव्हतं, तिला कुठनं दिसावं?"

ते मला माफ करत होते की दोष देत होते, हे मला त्या वेळी कळलं नाही. आजही नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी इंदापूरला गेले आणि अर्ज मागे घ्यायचा आहे म्हणून सांगितलं. कारकून मध्यमवयीन, सभ्य माणूस होता. मला बसायला खुर्ची दिली. आवक नंबर पडला की कागद ऑफिसचा होतो, तो परत जात नाही, हे त्याने मला दोनतीन तऱ्हांनी समजावलं. मी पुन्हा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी टेबलाशी उभी राहून रडले. तो म्हणाला, "ताई, अर्ज इतका चांगला लिहिला होतात म्हणून तर वर गेला. एरवी इथंच पडून राहिला असता."

लिलाव झाला. तुकडे पाडून मोजायला वेळ नव्हता, म्हणून सगळी जमीन एकत्रच पुकारली गेली. गावातल्या कुणाला तेवढी बोली झेपली नाही. बाहेरच्या एका व्यापाऱ्याने ती कलिंगडासाठी घेतली. त्याचा ट्रॅक्टर आईच्या उरलेल्या मक्यातून गेला, आणि तात्यांच्या विहिरीभोवतीच्या भुईमुगातूनही गेला. त्याने कुठलाच भेद केला नाही. अर्थशास्त्राच्या सरांच्या म्हणण्याप्रमाणे आता मालकी स्पष्ट होती. व्यापाऱ्याने जमिनीत जीवही ओतला, कलिंगडं मोठी झाली.

आई रोजाने कलिंगडं तोडायला जायची. आमच्या चुलीच्या जागेवर. तिच्या ओळीला तात्यांची सून असायची, जिने आयुष्यात दुसऱ्याच्या शेतावर पाऊल ठेवलं नव्हतं. दोघी काय बोलायच्या हे आईने मला कधी सांगितलं नाही. मी वार्षिक परीक्षा दिली. मालमत्तेच्या हक्कावर प्रश्न आला होता. मी दोन्ही बाजू लिहिल्या आणि मला चांगले गुण मिळाले. राज्यशास्त्राच्या सरांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले की मी तुझा युक्तिवाद वाचला, तुझं गाव वाचलं नाही, मला दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. दुसऱ्यांदा विचारलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तात्या त्या उन्हाळ्यात काठावर फिरकले नाहीत. पुढच्या माघात पाणी उतरलं, पण खुंट्या ठोकायला कुणी गेलं नाही. एका सकाळी तात्या दारात आले. हातात ऑफिसातून आणलेला छापील फॉर्म होता. वैयक्तिक नको, सगळ्या गावाचा एक अर्ज कर, म्हणाले. माझा हात उचलेना. आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "लिही."

"पयलं तुज्या आईचं नाव घे," तात्या म्हणाले.

मी घेतलं. मग एकेक करत सगळी नावं, पुतण्याचंसुद्धा. फॉर्मच्या खाली रकाना होता, हक्काचा पुरावा. मी थांबले. सातबारा शासनाच्या नावावर, मोबदल्याच्या पावत्या आमच्याच विरुद्ध. मी तात्यांना विचारलं, इथे काय लिहू?

त्यांनी विचार केला. "लिही, आमी एकमेकाला वळखतो."

मी तसंच लिहिलं. शुद्ध करून लिहिलं: आम्ही सर्वजण एकमेकांस ओळखतो व कोणाचे काय कोठे होते हे आम्हांस माहीत आहे. इंदापूरला त्याच कारकुनाने शिक्का मारला. रकाना वाचून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि नंबर टाकला.

उत्तर महिन्याने आलं. पुरावा जोडलेला नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे, लिलावाची तारीख कळवण्यात येईल. आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, तात्यांना आत्ता सांगायचं की त्यांचं जेवण झाल्यावर. तिने पदर खोचला, भाकरी तव्यावरून उतरवली आणि ती एकटीच त्यांच्या घराकडे निघाली.