पिण्याचे पाणी, दोन बरण्या

"बरणीत हात घालू नका साहेब, करंट हाय!" मी ओरडलो. नायब तहसीलदारांनी हात असा मागं घेतला की काखेतली फाईलच खाली पडली.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. ऑफिसांच्या पाट्या नव्या, नळ कोरडे. मी नाटकांना लाइट द्यायचो. दिवा हळूहळू कमी-जास्त करतो तो डिमर. आमचा डिमर मिठाच्या पाण्याचा. लोणच्याच्या दोन बरण्या, एक स्टेजची, एक हॉलची. पाण्यात तळाला एक पत्रा, वरून दोरीला दुसरा. दोरी सोडली की उजेड वाढतो, ओढली की उतरतो. पाणी नसलं तर ठार अंधार.

संध्याकाळी सहाला अप्पांच्या विनोदी नाटकाचा पहिला प्रयोग होता. अप्पांचं रेशनचं दुकान, घर त्याच्यावरच चालायचं. तरी या माणसानं नाटकात पाण्याचा टँकर थेट मोठ्या साहेबाच्या, म्हणजे कलेक्टरच्या बंगल्यावर, गुलाबांना पाणी घालायला नेला होता!

नायब साहेबांनी हुकूम वाचला. करमणुकीसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई.

"बरण्या जप्त. नाहीतर तो बंगल्याचा प्रवेश काढा."

हां, म्हणजे दुखणं हे होतं तर!

"अप्पा, दुकानाचा परवाना कुणाच्या हातात आहे, माहीत आहे ना?" नायब साहेबांनी दम दिला.

अप्पा मिशी चिकटवत होते. वळलेसुद्धा नाहीत. "हाव, ठावं हाय. प्रवेश न्हाई काढत."

माझं डोकं फिरलं. मी मेन स्विच पाडला आणि बरणीतलं तांब्याभर पाणी काढलं. "साहेब, पंचनाम्यात काय लिहिणार? 'पिण्याचे पाणी, दोन बरण्या'? मग प्या की."

"मी कशाला पिऊ?"

"मग 'पिण्यास अयोग्य' लिहा अन् सही करा. तुमचा हुकूम पिण्याच्या पाण्याला हाय, याला न्हाई."

त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. आठ दिवसांचं खारट, गंजकं पाणी ते. तोंड असं वाकडं झालं की सगळी मंडळी फिदीफिदी हसली. शेवटी लिहिलं बिचाऱ्यांनी. सहीसुद्धा केली.

प्रयोग झाला. पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून खुद्द मोठे साहेब. स्टेजवर टँकर बंगल्यात शिरला. इथं अंधार करायचा असं ठरलं होतं. मला लई राग होता. मी हॉलच्या बरणीची दोरी पूर्ण सोडली. प्रेक्षकांवर लख्ख उजेड पडला. सगळी माणसं साहेबांकडे बघून हसत सुटली, पार डोळे पुसेपर्यंत.

महिन्याभरात अप्पांचा परवाना रद्द झाला. मला अपराधी वाटलं. भेटायला गेलो तर अप्पा वही घेऊन बसलेले. "बस. नवा प्रवेश लिहून राहिलो," म्हणाले.

औशाच्या प्रयोगाला तो परवाना रद्द होतानाचा प्रवेश सगळ्यात जास्त हशा घेऊन गेला. सरकारी हुकूम आला की त्यातला शब्दन् शब्द वाचावा, हे मी तेव्हा शिकलो. आणि नाटकवाल्याला शिक्षा करू नये. तो ती स्टेजवर लोकांना करून दाखवतो.