पल्लवीला विचारायचा प्रश्न

“डिप्रेशन,” चंद्रपूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. “म्हणजे मनाचा आजार. मन उठतच नाही, झोप जाते, भूक जाते. हा आळस नाही, आणि सिकलही नाही.”

शेवटचे शब्द माझ्यासाठी होते. मी पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात आशाताई आहे. आमच्याकडे सिकलसेल, म्हणजे रक्ताचा पिढीजात आजार, बऱ्याच घरांत असतो. माझ्या दहावीतल्या लेकीला, पल्लवीलाही आहे. ती जेवेना, शाळेत जाईना, तेव्हा मी तिचं तीनदा रक्त तपासून आणलं. रिपोर्ट ठीक आला की मी खूश व्हायची आणि ती आणखी गप्प.

“मी नसती तं तुले एवढं फिरा लागलं नसतं,” ती एकदा म्हणाली. त्यावर मी शहाणीनं विचारलं, “सिकलची गोळी घेतली काय?”

डॉक्टरबाईंनी मात्र माझ्यादेखत सरळ विचारलं, “पल्लवी, मरून जावं असं वाटते काय?”

मला रागच आला. नसलेलं पोरीच्या डोक्यात कशाला घालता?

पल्लवी म्हणाली, “हो.” आणि कित्येक दिवसांनी मोकळी रडली.

“बाई, विचारल्यानं असा विचार येत नाही. असला तर बाहेर येतो,” डॉक्टरबाई मला म्हणाल्या.

मग सेफ्टी प्लॅन झाला, म्हणजे तसं वाटलं तर काय करायचं, कोणाला सांगायचं, एकटं न राहता कोणासंग जायचं, हे तिनंच लिहून काढलं. घरातल्या धोक्याच्या वस्तू मी भावाकडे हलवल्या. गोळ्या सुरू झाल्या. दर पंधरा दिवसांनी समुपदेशन, आणि त्याआधी बाकावर ताटकळणं. पहिला महिना काहीच फरक नव्हता, मी पार खचले. एकदा सवयीनं बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाच तिचं हिमोग्लोबिन विचारलं, तेव्हा पल्लवी हसली. ते हसू मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं.

तुमचं लेकरू असं मिटत चाललं असेल, तर थेट विचारा, ऐकून घ्या आणि डॉक्टरांकडे न्या. मी अजून दर आठवड्याला विचारते. जीभ जड होतेच.

परवा सकाळी मोहफुलं वेचताना विचारलं, “तसं वाटते काय?”

“काल वाटलं होतं.”

माझे हात थांबले. “मंग?”

“मंग काय. म्हणून तं आज तुह्यासंग आली.”

ती “नाई” म्हणाली असती, तर मी इतकी निश्चिंत झाले नसते.