शांताचे पापड

शांताने लाटलेले पापड मी उचलले आणि सगळ्या बायकांदेखत म्हशीच्या घमेल्यात टाकले. तिचा पोळपाट पायाने बाजूला सारला. तिने पदराला हात पुसले आणि ती उठून गेली. एवढं गावाने पाहिलं. त्याच्या आधीचं मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

शांता माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, फौजेत होता. सुट्टीवर आला की विहिरीवर उभा राहून बायकोसाठी पाणी शेंदायचा. चाकणजवळच्या आमच्या गावात असं कुणी पाहिलं नव्हतं. बाया पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "अगं, ह्यो फौजी का पाणक्या?" मीही हसायचे. आणि माझी घागर माझी मीच ओढायचे. माझा नवरा कंपनीतून यायचा, ताट मागायचा, झोपायचा. तांब्याभर पाणी कधी हातात दिलं नाही त्याने. मी वाईट बाई आहे का? असेन. जळत होते, एवढं खरं.

मग दिराला शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत पाठवलं. तिथे तो तापाने गेला. पेटी आली ती बंदच. उघडायची नाही म्हणाले. मला वाटलं, आता तरी शांता माझ्याखाली येईल. झालं उलटंच. सारा गाव तिच्या दारात, सरपंच हात जोडून उभा. कपाळ पांढरं झालं, तरी मोठी तीच?

पेटी का उघडली नाही, असं बायका एकमेकींना विचारत होत्या. धुणं धुताना मी हळूच म्हणाले, "फौजेत बायांकडं जायचा म्हनं. त्यो रोग हाय. लागतो. शांतेलाबी लागला आसंल."

कुठून आणलं मी हे? कुठूनच नाही. माझ्याच पोटातून.

पापडांचे दिवस आले, तोवर शांताच्या हातचं पाणी कुणी पिईना. त्या दिवशी मी काय केलं, ते सांगितलंच. ती आपल्या लहान पोरीला घेऊन थेरगावला गेली. लोकांची भांडी घासून तिला वाढवलं.

यंदा शाळेत दिराच्या नावाची पाटी लावायचं ठरलं. शाळेतल्या बाई त्याची माहिती काढत फिरल्या. तळेगावात त्याच्या पलटणीतला एक म्हातारा सापडला, त्याला माझ्या ओसरीवर घेऊन आल्या. शांतालाही बोलावलं.

म्हातारा तिला म्हणाला, "मलेरिया होता, वहिनी. मी उशाशीच होतो. तापात सारखा बरळायचा — दोर सोड शांते, मी ओढतो."

शांता रडली. मला लाज वाटायला हवी होती, नाही का? आधी हेवा वाटला. सगळे दात पडल्यावर — हेवा.

बाईंनी विचारलं, "मग ते रोगाचं गावात उठवलं कुणी?"

शांताने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाऊ द्या, बाई. लोकांच्या तोंडाला कोन हात लावनार? ह्या आक्कानं माझं पापड टाकलं, पर ती भ्याली हुती. लेकरं ल्हान हुती तिची."

"व्हय," मी म्हणाले. "लोक लई वाईट."

त्या दिवशी पापड लाटायला बसलेल्या बाकी साऱ्या गेल्या. शांता आहे. मी आहे.