पाठीशी आलेला दर्या

मुलगा आणि मी आखातातल्या खोर फक्कानच्या डोंगरांतून, वाटेतल्या झोपड्यांत मुक्काम करत जाणार होतो. पहिल्या दिवसाची चढण संपली, तेव्हा झोपडीच्या दाराशी एक मध्यमवयीन गृहस्थ बसले होते. आमचे मराठी ऐकताच ते उठले आणि माझ्या पाठीवरचे ओझे त्यांनी हक्काने उतरवून घेतले.

"काका, या वयात डोंगर? पोराने फसवलंन वाटतं!"

ते रत्नागिरीचे, खाली बंदरात कामाला. सुट्टीच्या दिवशी एकटेच येथवर चढत.

सूर्य मावळला. मी सायंसंध्येस पश्चिमेकडे तोंड करून बसलो. तेही त्याच दिशेला नमाजास उभे राहिले. नमाज होताच मात्र ते वळले आणि पूर्वेला दूरवर पसरलेले पाणी न्याहाळू लागले.

"गावाला नमाजाला उभं राहिलं की समोर दर्या," ते म्हणाले. "इथे तो पाठीशी येतो. पलीकडे आई आहे, काका. साहेब रजा पुढे ढकलतात, ती फोनवर विचारते, कधी येतोस?"

"मग तुम्ही काय सांगता तिला?"

"इन्शाल्ला. आता माझ्याआधी तीच म्हणते."

मी आसन उचलून त्यांच्याशेजारी पूर्वाभिमुख मांडले. पाणी अंधारात दिसेनासे होईपर्यंत आम्ही दोघे तसेच बसून राहिलो.