विद्याचा निळा

विद्या गेल्याचं मला ऑफिसच्या ग्रुपवर कळलं. वर मीटिंगची वेळ बदलल्याचा निरोप, खाली कॅन्टीन बंद असल्याचा, आणि मधे ती. मुलुंडला तिच्या घरी पोचेपर्यंत मला रडू आलं नाही, नुसता संताप येत राहिला. तो अजून गेलेला नाही.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी एकाच टेबलावर काम करायचो. वीज दिली की स्वतःच उजळणारी सेंद्रिय रसायनं बनवायची, मोबाईल-टीव्हीच्या पडद्यांसाठी. लाल जमतो, हिरवा जमतो, निळा मात्र रडवतो. झकास उजळतो आणि सगळ्यांच्या आधी मावळतो. विद्या त्या निळ्याच्या मागे हात धुऊन लागली होती. पावडर नळीत तापवून शुद्ध करायची, परत करायची. मला ती चकचकीत स्वच्छ दिसायची, आणि ही म्हणणार, "अगं, अजून मळकी आहे." ज्यानं रसायन बनवलं त्याचं नाव बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहायचं, ही आमच्याकडची रीत. मग उजेड लागू नये म्हणून वरून चांदीचा कागद.

शेवटी तिचा निळा टिकला. साहेबांनी पेटंटचा अर्ज केला. संशोधक कोण, तर साहेब आणि त्यांचे जावई. जावई हातमोजे घालून उभे राहिलेले मी कधी पाहिले नाहीत. विद्या केबिनमध्ये जाऊन आली.

"पुढच्या अर्जात नक्की घालतो म्हणाले."

"आणि तू मान डोलावलीस?"

"मग काय, भांडू?"

"भांड ना!"

ती हसली आणि नळी धुवायला लागली... पुढचा अर्ज गेला तेव्हा ती हॉस्पिटलात होती. "आलं का गं नाव?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शोकसभेत साहेब म्हणाले, "आमच्या टीमनं बनवलेला निळा जगात जाईल." मी उठून म्हटलं, "टीमनं नाही, विद्यानं." साहेबांनी हात जोडले. "आज तो विषय नको." ती होती तेव्हा पुढच्या वेळी, ती गेली तर आज नको. लाज कशी वाटत नाही या माणसांना?

परवा तिच्या नवऱ्यानं, शरदनं बोलावलं. फ्रिजच्या दारात, लोण्याच्या डब्यामागे, चांदीच्या कागदात गुंडाळलेली एक बाटली सापडली होती. "टाकून देऊ का?" त्यानं विचारलं. मी पडदे ओढले, कागद सोडला आणि पर्समध्ये राहिलेली प्रयोगशाळेतली जांभळी बॅटरी बाटलीवर धरली; वीज नसली तरी त्या उजेडात ही रसायनं उजळतात. चिमूटभर पावडर निळी पेटली. शरद बघत राहिला.

"हेच का ते? इतकी वर्षं नुसतं ऐकत होतो..."

मी बाटली फिरवून त्याच्यासमोर चिकटपट्टी धरली. त्यानं तिचं नाव वाचलं. दुसरीकडे कुठेच ते लिहिलेलं नाही.