सहाशेच्या लेन्समधून दिसलेला सीवूड्सचा बांध

माझं सगळं बदललं ते सीवूड्सच्या तळ्यावर, सकाळच्या उन्हात, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर एक फोटो मोठा करून बघताना. फोटोत फ्लेमिंगो नव्हते. रेवती होती, तिच्या खांद्याला खांदा लावून अनिकेत होता, आणि त्याचा हात तिच्या डोक्यावर होता.

हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी भरतीच्या वेळा, रस्ते आणि लेन्सच्या भाड्याबद्दल बरंच लिहिणार आहे, आणि ते सगळं लक्षात ठेवताना माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तरी माहिती बरोबर आहे, निल्याकडून तपासून घेतलीय. निल्या म्हणजे माझा चुलतभाऊ. स्कूटर त्याची.

तर सुरुवात अशी. खारघरला आमचा हौशी फोटोवाल्यांचा एक ग्रुप आहे. मी तिसऱ्या वर्षात इंजिनिअरिंग सोडलं, विभागप्रमुखांशी भांडून, आणि त्यानंतर खारघरला जायला माझ्याकडे हा ग्रुप सोडून दुसरं कारण उरलं नाही. रेवती त्याच कॉलेजात आहे. साताऱ्याची, हॉस्टेलला राहते. आधी कॅन्टीनमध्ये रोज भेटायची. आता महिन्यातून एकदा, सोबत आणखी आठ-दहा माणसं आणि त्यांचे ट्रायपॉड.

ग्रुपचा एक नियम मला फार आवडतो: एक दिवस, एक लेन्स. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपली लेन्स जाहीर करायची, दिवसभर ती बदलायची नाही, आणि संध्याकाळी खारघरच्या चहाच्या टपरीवर प्रत्येकाने आपले तीन फोटो दाखवायचे. तुम्ही नवीन असाल तर हे करून बघाच. बॅगेत चार लेन्स असल्या की अर्धा दिवस कुठली लावू यातच जातो.

या वेळचा बेत सोपा होता: सकाळी सीवूड्सला फ्लेमिंगो, दुपारी बेलापूरजवळ दिवाळ्याच्या कोळीवाड्यात जेवण, संध्याकाळी टपरी. रेवतीने तिची ३५ची प्राइम जाहीर केली. प्राइम म्हणजे जिच्यात झूम नसतो, जवळचं हवं तर आपण चालत जायचं. ग्रुपमधल्याच अनिकेतने ५०ची. मी लिहिलं, १५०-६००, म्हणजे लांबचं जवळ आणणारी भलीमोठी लेन्स. माझ्याकडे ती नव्हती. माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ आहे, बस. पण रेवती एकदा कॅन्टीनमध्ये म्हणाली होती, "फ्लेमिंगोचे पाय सगळेच दाखवतात. त्याचा डोळा कसा असतो कुणी बघितलाय का?" मी ठरवलं, तो डोळा आपण आणायचा, संध्याकाळी तिला द्यायचा, आणि मग जे बोलायचंय ते बोलून टाकायचं. दीड वर्ष ते मनातच होतं.

लेन्स वाशीतून भाड्याने घेतली. भाडं दिवसाचं असतं, डिपॉझिट वेगळं आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. घेताना तिथल्या तिथे आपल्या कॅमेऱ्याला लावून दोन-चार फोटो काढून बघा, काचेत बुरशी नाही ना हे उजेडात धरून बघा. खाडीकाठच्या हवेत लेन्सला बुरशी लागायला फार वेळ लागत नाही. वजनाचं मला कुणी सांगितलं नव्हतं. निल्याने बॅग उचलली आणि म्हणाला, "हर्ष्या, फ्लेमिंगो मारायचेत काय? तोफ आणलीस."

आम्ही बोनकोड्याहून, घरून, उजाडताच निघालो. कोपरखैरणे, वाशी, मग पामबीच रोड. रविवार असेल तर सायकलवाले सांभाळा. तळ्यावर जायचं ते भरतीला, हे पक्कं लक्षात ठेवा. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलात खायला पांगतात, भरतीत चिखल पाण्याखाली गेला की तळ्यात येऊन उभे राहतात. भरतीची वेळ मोबाइलवर दिसते. अनेक जण ती न बघता येतात आणि रिकाम्या तळ्यासमोर सेल्फी काढून जातात.

आम्हाला तळं भरलेलं मिळालं. इतकं गुलाबी की निल्यानेही मोबाइल बाहेर काढला. ग्रुप बांधावर लांबलांब पांगला. मी सुरुवातीलाच एक दगड बघून बसलो, कारण ती लेन्स हातात धरून चालणं म्हणजे सिलिंडर घेऊन जिने चढणं. पहिले पन्नास फोटो हलले. मग शटर स्पीड हजाराच्या वर नेला, कोपर गुडघ्यावर टेकवलं, आणि मिळाला. डोळा. पिवळा, मध्ये काळा ठिपका, आणि बघणं असं की तू कोण रे.

त्या आनंदात मी लेन्स सहज बांधावरून फिरवली. पुढे कुठेतरी रेवतीची पिवळी ओढणी दिसली. बोट दाबलं गेलं. आणि स्क्रीनवर बघतो तर ते.

अनिकेत आमच्यात सगळ्यात उंच. फोटोत त्याचं डोकं रेवतीच्या डोक्याच्या बरोबरीत होतं, म्हणजे तिच्या कानाशी वाकलेला. थोडा अस्पष्टही होता. मी म्हटलं, उन्हाने हवा हलतेय. मान वर करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं तोवर ओढणी झाडामागे गेली होती.

निल्या इडली घेऊन आला. सायकलवर डबा लावून एक अण्णा येतात, चटणी मस्त असते, दोघांचं पोट शंभरात भरतं. मला घास गेला नाही.

"काय झालं?"

मी स्क्रीन दाखवली. त्याने इडली चावत बघितलं. "भाई, अनिकेत तर मघाशी त्या टोकाला चालला होता."

"मग परत आला असेल."

"तू विचार ना तिला."

मी विचारलं नाही. मी ग्रुपवर, सगळ्यांसमोर, लिहिलं: 'रेवती, पुढच्या वेळी तू आणि अनिकेतने मिळून एकच कॅमेरा आणा, चालेल.' आणि ग्रुपमधून बाहेर पडलो. दोन मिनिटांनी तिचा मला वेगळा मेसेज आला. त्यात फक्त एक प्रश्नचिन्ह होतं. मी फोन बंद करून निल्याला म्हटलं, गाडी काढ.

"दिवाळ्याला ना? जेवायला?"

"नाही. कुठेही."

"कुठेही नसतं. नावड्याला आत्याकडे चल, तिचा निरोप पण आलाय. तिला फोटो पायजे घराचा."

सीवूड्सहून नावडे म्हणजे बेलापूरवरून हायवे पकडायचा, खारघर डावीकडे टाकायचं आणि कळंबोलीच्या ट्रकांमधून वाट काढायची. ज्यांना जमेल त्यांनी बेलापूरहून मेट्रोने पेंधरला जावं आणि पुढे रिक्षा करावी, ट्रकांचा धूर तरी खावा लागत नाही. खारघरवरून जाताना मी मान उजवीकडे ठेवली. निल्याला आरशात दिसलं. "डावीकडे पण बघ," तो म्हणाला, "डोंगर चांगला दिसतोय."

आत्याने नवा तीन मजली बंगला बांधलाय. तिच्या मोठ्याचं, भूषणदादाचं लग्न ठरवायचंय, आणि पोरीकडच्यांना घराचा फोटो पाठवायचा होता. आधी तिने तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण वाढलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, राग असूनही मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. रागात जेवण जात नाही हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नसावं.

"आता काड फोटू," आत्या म्हणाली. "आक्खा बंगला आला पायजे. टाकी पन."

तिच्या अंगणातून या लेन्समध्ये बंगल्याची एक खिडकी मावत होती. घर काढायला माझी साधी १८-५५ लागते, आणि ती नियमाप्रमाणे बोनकोड्याला कपाटात. मग मी मागे सरकत गेलो. गल्ली संपली, क्रिकेटचं मैदान लागलं, तेही ओलांडलं. पलीकडच्या कुंपणाला पाठ लागली तेव्हा कुठे बंगला टाकीसकट मावला. फोटो छान आला. कडा स्वच्छ, रंग खुललेला. परत येऊन आत्याला दाखवला.

आत्याने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"हर्षल, ही चिमनी आमचे गच्चीवर कोनी उभी केली?"

"आत्या, ती मागच्या कंपनीची आहे, धूर सोडायची."

"मागची कनची? ती पार तलोजाचे अंगाला हाय. मधी शेत हाय, नाला हाय, मोठा रस्ता हाय. तुजे फोटूत त ती माजे टाकीला चिकटलेय."

"लेन्समध्ये तसं दिसतं."

"तसा दिसतं त पोरीवाले काय बोलतील? बोलतील, धुरान घर बांधलाय. माजे पोराचं जमलेलं मोडशील तू."

निल्या हसून हसून ओट्यावर बसला. मी हसलो नाही. मी कॅमेरा घेतला आणि गच्चीवर गेलो. चिमणी होती, पण लांब, धुरकट, बोटाएवढी. मध्ये शेत, नाला, रस्ता. हातातल्या फोटोत मात्र ती टाकीला टेकून उभी.

हे मला माहीत होतं. लांबून मोठ्या लेन्सने काढलं की मागचं पुढे आल्यासारखं दिसतं, अंतर चेपलं जातं, हे मी स्वतः ग्रुपवर नवीन पोरांना दोनदा समजावून सांगितलंय. चंद्र इमारतीएवढा दिसतो तो असाच. गच्चीवर उभा राहून मी सकाळचा फोटो पुन्हा स्क्रीनवर उघडला. अनिकेत वाकलेला नव्हता. त्याची पाठ सरळ होती. तो रेवतीएवढा दिसत होता कारण तो तिच्या कितीतरी मागे होता, आणि म्हणूनच अस्पष्टही.

तरी हात राहिला होता. तिच्या डोक्यावरचा हात.

"निल्या, सीवूड्स."

"परत? पेट्रोल तू टाक."

आत्याचा फोटो निल्याच्या मोबाइलवर अंगणातून काढला, टाकीसकट. आत्या खूश. आम्ही निघालो.

तळ्यावर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. पक्षी गेलेले, पाणी शांत, कडेला चार-दोन पिसं. मी दगडावर सकाळच्याच जागी बसलो आणि लेन्समधून बघत निल्याला हाताने सांगत राहिलो, पुढे, अजून पुढे, थांब. फोटोतलं वाकडं झुडूप शोधून निल्याला रेवतीच्या जागी उभं केलं. मग मी स्वतः चालत गेलो, त्याच्यापाशी पोचलो, आणि अनिकेतच्या जागेकडे जायला निघालो.

जाताच येईना. मध्ये बांध तुटलेला होता. खाडीचं पाणी आत येतं ती वाट, गुडघाभर चिखल, आणि पलीकडे दुसरा बांध. तिथे जायचं तर आख्खं तळं फिरून जावं लागतं. फोटोत अनिकेतच्या मागे दिसणारा विजेचा खांब त्या पलीकडच्या बांधावर होता, आणि खांबाच्या पायथ्याशी उभं राहून हात वर केला की माझ्या दगडावरून तो इथे उभ्या असलेल्या कुणाच्याही डोक्यावर दिसला असता.

मी खाली बसलो. तिथे चिखल होता हे नंतर कळलं. छातीवरून कुणी ती अख्खी तोफ उचलून नेल्यासारखं वाटलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा मला हवेतला खाडीचा वास आला.

"झालं?" निल्या म्हणाला. "आता मेसेजचं काय करणार ते बोल."

खारघरची टपरी उत्सव चौकाजवळ आहे, आलं घातलेला चहा मिळतो, बसायला कट्टा आहे. सगळे होते. मी आल्यावर सगळ्यांनी हातातले मोबाइल खाली ठेवले. अनिकेतच आधी बोलला, "मी आणि रेवती वर्गणी काढतोय. एका कॅमेऱ्यासाठी."

रेवती हसली नाही. ती मला कट्ट्याच्या टोकाला घेऊन गेली. "हे काय होतं?"

मी फोटो दाखवला. काही लपवलं नाही. चिमणीचं सांगितलं, तुटलेल्या बांधाचं सांगितलं, पँटचा चिखल दाखवला.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. "तो मला ओरडून सांगत होता की पलीकडून थवा उठलाय. हात करून. मला ऐकूपण येत नव्हतं, नंतर त्याने सांगितलं."

"हं."

"आणि तू फ्लेमिंगो सोडून माझ्यावर कशाला लावली होतीस ती?"

मी कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"हर्षल, असं न विचारता फोटो काढतात होय कुणाचा? पुसून टाक आधी."

मी तिच्यासमोर पुसला. मग डोळ्याचा फोटो दाखवला. तिने तो मोठा केला, अजून मोठा केला. तिला आठवत होतं. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"हा डोळा चिडलेला आहे," ती म्हणाली. "तुझ्यासारखा."

"तुझ्यासाठी काढला. मला तुला एक सांगायचं होतं, कधीपासून."

"माहितीय मला." तिने चहाचा कप कट्ट्यावर ठेवला. "पण तू सगळं लांबून बघतोस आणि मनाने ठरवतोस. उद्या सकाळी ये इथं. कॅमेरा आण, लेन्स नको. माझी ३५ लाव. त्यात मी मावायला तुला समोर उभं राहायला लागेल. आणि काढायच्या आधी विचारायचं."

"आणि बाकीचं?"

"तेपण विचारायचं. सकाळी. आता चिखलाचा वास येतोय तुला."

ग्रुपमध्ये त्यांनी मला तिथेच परत घेतलं. मी तीनऐवजी दोनच फोटो दाखवले, डोळा आणि चिमणीवाला बंगला. दुसऱ्याला जास्त हशा मिळाला.

घरी आल्यावर मोठी लेन्स पुसून बॅगेत भरली, वाशीला परत द्यायला निल्याच्या हवाली केली. विकत घ्यावी का असं कुणी विचारलं तर माझं म्हणणं असं: पक्ष्यांसाठी तिच्यासारखी दुसरी नाही, पण आधी दोनदा भाड्याने वापरा आणि माणसांवर रोखू नका. कार्डवर सहाशे-सातशे फोटो होते. ठेवले तेवढे दोन. डोळ्याचा रेवतीला पाठवला. चिमणीचा मी प्रिंट करून टेबलासमोर लावणार आहे, डोकं तापेल तेव्हा समोर असावा म्हणून.

हे लिहून झालं तेव्हा सकाळ झालीय. आई चहा घे म्हणतेय, तिला सांगितलं, बाहेर घेतो. कपाटातली १८-५५ कपाटातच ठेवली. कॅमेऱ्याच्या तोंडाला नुसतं टोपण लावलं, गळ्यात अडकवला. लेन्स नसली की फार हलका लागतो. चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.